अदृश्य वर्गाचा गायनमास्तर

इ. स. १९२४ च्या एप्रिल महिन्याची चार तारीख. लंडनमध्यें थेम्स नदीच्या कांठाजवळ सॅव्हॉय हिल म्हणून एक जागा आहे. तेथें ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कंपनीचें कार्यालय होतें. कंपनीला जन्मून उणींपुरीं दीड वर्षें झालीं होतीं. त्या दिवशीं तेथील जाड पडद्यांनीं वेढलेल्या एका खोलींत चोपन्न वर्षांचे एक गृहस्थ मायक्रोफोनसमोर बसले आणि पुढें एकहि विद्यार्थी नसतांना त्यांनीं वर्ग घेण्यास सुरुवात केली. विद्यार्थी होते, पण ते दूरदूरच्या शाळांतून रेडिओ-यंत्राभोंवतीं गोळा होऊन बसले होते. लंडनहून शाळांसाठीं नभोवाणीवर दिलेला हा पहिला पाठ. त्याचा विषय होता संगीत आणि शिक्षक होते सर वॉलफर्ड डेव्हिस.

गाणें शिकवावयाचें तें समोर बसवून, ही समजूत सर्व देशांत सारखीच आहे. शिष्याचा स्वर चुकला कीं गुरूनें थांबवावें, पुन्हां म्हणावयास लावावें, हीच विद्येची जुनी वाट. ज्याचा चेहरा दिसत नाहीं, ज्याचा स्वर ऐकूं येत नाहीं, जो मध्येंच उठून गेला तरी कळत नाहीं, अशा माणसाला संगीत कसें शिकवावयाचें? हा प्रश्न त्या काळीं विलायतेंतील पुष्कळ संगीतज्ञांना थट्टेचा वाटला. डेव्हिस यांना तो तसा वाटला नाहीं. याचें कारण त्यांच्या पूर्वायुष्यांत सांपडतें. ते मूळचे चर्चमधील ऑर्गनवादक होते.

ऑर्गन म्हटला कीं आपल्याकडील नाट्यरसिकांच्या डोळ्यांपुढें संगीत नाटकाच्या रंगमंचासमोर वाजणारें पायपेटीचें वाद्य उभें राहतें. चर्चमधील ऑर्गन हा त्याचा अवाढव्य वडील भाऊ होय. त्यांत पत्र्याच्या जिभांऐवजीं मुख्यत्वेंकरून नळ्या असतात. कांहीं बोटाएवढ्या, तर कांहीं दोन मजले उंच. भात्यानें भरलेला वारा त्या नळ्यांत सोडला जातो. वादकापुढें हातांसाठीं पट्ट्यांच्या दोन-तीन ओळी असतात, पायांसाठीं वेगळ्या लांकडी पट्ट्या असतात आणि निरनिराळे आवाज काढण्यासाठीं दोन्हीं बाजूंना खुंट्या असतात. हें वाद्य वाजविणारा मनुष्य पुष्कळदां उपासकांकडे पाठ करून, एखाद्या सज्जांत बसलेला असतो. खालचे गायक त्याला दिसतात ते समोर टांगलेल्या आरशांत. न दिसणाऱ्या लोकांना स्वरांनीं बरोबर घेऊन जाणें हें त्याचें नित्याचें काम असतें.

पण वादन हें त्याच्या कामाचें अर्धेंच अंग आहे. गायकवृंद तयार करण्याची जबाबदारीहि बहुधा त्याच्याकडेच असते. इंग्लंडमधील मोठ्या चर्चमध्यें वरच्या पट्टींतले स्वर लहान मुलें गातात. आठ-नऊ वर्षांचें मूल येतें, चार-पांच वर्षें शिकतें, आणि तें खरें गाऊं लागलें कीं थोड्याच दिवसांत त्याचा आवाज फुटतो. पुन्हां नवीं मुलें, पुन्हां पहिला धडा. जन्मभर नवशिक्यांना शिकवीत राहणें ज्याच्या कपाळीं लिहिलेलें आहे असा हा व्यवसाय आहे.

हेन्री वॉलफर्ड डेव्हिस यांचा जन्म ६ सप्टेंबर १८६९ रोजीं वेल्सच्या सरहद्दीजवळील ऑस्वेस्ट्री या गांवीं झाला. घर धर्मनिष्ठ व संगीतप्रिय होतें. वडील हौशी वादक असून गांवांतील आपल्या पंथाच्या चर्चमध्यें गाण्याची बाजू तेच सांभाळीत. १८८२ सालीं हा मुलगा विंडसर येथील सेंट जॉर्ज चॅपेलमध्यें, म्हणजे प्रत्यक्ष राजघराण्याच्या प्रार्थनामंदिरांत, बालगायक म्हणून दाखल झाला. त्याच वर्षीं तेथें वॉल्टर पॅरट हे ऑर्गनवादक म्हणून आले. पॅरट यांच्या स्मरणशक्तीच्या आख्यायिका प्रसिद्ध आहेत. बाखच्या अठ्ठेचाळीस ‘प्रेल्यूड-फ्यूग’ रचना त्यांना दहाव्या वर्षींच पाठ होत्या, असें सांगतात. आवाज फुटल्यावर डेव्हिस याच गुरूचे शिष्य व मदतनीस म्हणून १८९० पर्यंत विंडसर येथें राहिले. नंतर शिष्यवृत्ति मिळवून ते लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्यूझिकमध्यें गेले. तेथें पॅरी व स्टॅनफर्ड हे त्या पिढीचे दोन मोठे आचार्य त्यांना लाभले, आणि १८९५ पासून ते त्याच संस्थेंत शिकवूंहि लागले.

१८९८ सालीं त्यांची नेमणूक लंडनच्या टेंपल चर्चमध्यें झाली. हें नांव आपल्या वाचकांना अगदींच परकें वाटूं नये. लंडनमधील बॅरिस्टरांच्या चार संस्थांपैकीं इनर टेंपल व मिडल टेंपल या दोन संस्थांचें हें चर्च. अनेक हिंदी विद्यार्थी बॅरिस्टरीसाठीं याच आवारांत वावरले. महात्मा गांधींनीं १८९१ सालीं इनर टेंपलमधूनच सनद घेतली. चर्चचा गोल भाग बाराव्या शतकांतला. ११८५ सालीं त्याची प्रतिष्ठापना झाली. तेथील ऑर्गनचाहि इतिहास मोठा मौजेचा आहे. सतराव्या शतकाच्या शेवटीं ‘फादर’ स्मिथ आणि हॅरिस या दोन कारागिरांनीं तेथें एकेक ऑर्गन बसविला, व कोणता ठेवावा यावरून वकिलांच्या दोन्हीं संस्थांत जुंपली. हा वाद कांहीं वर्षें चालला आणि अखेर न्यायाधीश जेफ्रीझ यांनीं स्मिथच्या बाजूनें निकाल दिला, असें सांगतात. डेव्हिस यांच्यापूर्वींचे वादक हॉपकिन्स या जागेवर पंचावन्न वर्षें होते. अशा जुन्या गादीवर डेव्हिस एकोणतिसाव्या वर्षीं बसले व १९२३ पर्यंत, म्हणजे पंचवीस वर्षें, त्यांनीं ती सांभाळली.

या काळांत टेंपल चर्चचा गायकवृंद लंडनमध्यें नांवाजला गेला. पुढें जगप्रसिद्ध झालेला वृंदवादन-संचालक लिओपोल्ड स्टोकोव्हस्की हा याच काळांतला त्यांचा शिष्य. डेव्हिस यांची स्वतःची संगीतरचनाहि जोरांत चालू होती. १९०४ सालीं लीड्सच्या महोत्सवांत त्यांची ‘एव्हरीमॅन’ ही मोठी रचना गाजली. १९०८ सालीं कवि मिल्टन याच्या जन्माच्या त्रिशतसांवत्सरिक उत्सवासाठीं त्यांनीं ‘सॉलेम मेलडी’ ही छोटी, गंभीर सुरावट लिहिली. आतां हे गृहस्थ थोर रचनाकार होणार, असें भाकीत त्या वेळीं कोणी केलें असतें तर तें धाडसाचें ठरलें नसतें.

परंतु ओढा निराळ्या दिशेला होता. १९१४ सालीं महायुद्ध सुरू झाल्यावर डेव्हिस सैनिकांसाठीं गाण्याचे कार्यक्रम करूं लागले. येथें त्यांची गांठ प्रशिक्षित गायकांशीं नव्हती. खाणींतून, शेतांतून, दुकानांतून उचलून खंदकांत पाठविलेल्या पुरुषांशीं होती. त्यांनीं सोपीं गाणीं निवडून छापविलीं आणि हजारों सैनिकांना एकत्र गावयास लावलें. १९१६ च्या मार्चमध्यें त्यांचे गुरु पॅरी यांनीं ब्लेक कवीच्या ‘जेरुसलेम’ या कवितेला नुकतीच लावलेली चाल त्यांच्या हातांत दिली व तिचें काय करावयाचें तें त्यांच्यावर सोंपविलें. त्याच महिन्याच्या २८ तारखेस लंडनच्या क्वीन्स हॉलमध्यें सुमारें तीनशें गायकांकडून डेव्हिस यांनीं ती प्रथम गाऊन घेतली. आज तें इंग्लंडचें जणूं दुसरें राष्ट्रगीत होऊन बसलें आहे. १९१८ सालीं नवें वायुदल निर्माण झालें, तेव्हां मेजरचा हुद्दा देऊन त्यांना त्याचे पहिले संगीत-संचालक नेमण्यांत आलें. वायुदलाच्या प्रसिद्ध संचलनगीताची पहिली सुरावट त्यांचीच; मधला भाग जॉर्ज डायसन यांचा.

युद्ध संपलें आणि डेव्हिस यांनीं लंडनचा मोठेपणा सोडून वेल्समधील समुद्रकांठचें अॅबरिस्टविथ गांव जवळ केलें. तेथील विद्यापीठाच्या कॉलेजांत ग्वेंडोलिन व मार्गरेट डेव्हिस या दोन श्रीमंत भगिनींनीं संगीताच्या अध्यापकपदासाठीं देणगी दिली होती. या भगिनींशीं त्यांचें नातें नव्हतें. आडनांवाचा योगायोग एवढाच. १९१९ सालीं ते त्या पदावर गेले आणि वेल्स विद्यापीठाच्या संगीत-मंडळाचें अध्यक्षपदहि त्यांच्याकडे आलें. तें त्यांनीं अखेरपर्यंत संभाळलें.

वेल्स हा गाणाऱ्या लोकांचा देश. कोळशाच्या खाणींत राबणारे मजूर संध्याकाळीं चर्चमध्यें जमून चार-चार पट्ट्यांत भजनें गात. त्यांच्यांतील बहुतेकांना विलायती स्वरलेखन वाचतां येत नसे. ‘टॉनिक सोल-फा’ ही अक्षरांची सोपी पद्धति मात्र येत असे. आपल्या ‘सा’प्रमाणें तींतला ‘डो’ कोणत्याहि पट्टींत धरतां येतो, म्हणून ही पद्धति आपल्या सरगमची सख्खी बहीण म्हणतां येईल. डेव्हिस यांनीं या लोकांची थट्टा केली नाहीं व त्यांची नुसती वाहवाहि केली नाहीं. गाणें येथें आहे, वाद्यें नाहींत, हें ओळखून त्यांनीं कॉलेजांत तीन वाद्यांचा छोटा संच ठेविला व तो गांवोगांव फिरविला. शाळांतून वर्ग सुरू केले. जिल्ह्याजिल्ह्यांतून संगीत-महोत्सव भरविले. बाखच्या रचना खाणवाल्यांच्या गळ्यांत घातल्या. सीमेपलीकडून आलेल्या मनुष्यानें आम्हांला गाणें शिकवावें काय, असें म्हणणारेहि तेथें निघाले; त्यांचा पद्धतशीरपणा सर्वांनाच रुचला नाहीं. तथापि खेड्यापाड्यांतून फिरलेल्या या वर्षांनीं त्यांना एक गोष्ट पक्की शिकविली. ज्याला शास्त्राचें एक अक्षर कळत नाहीं, त्याचा कान अडाणी असतोच असें नाहीं.

१९२२ सालीं त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. याच सुमारास हिज मास्टर्स व्हॉइस कंपनीनें सुरावटीवरील त्यांचीं व्याख्यानें तबकड्यांवर मुद्रित केलीं. वर्ग खोलीबाहेर पडूं लागला होता. आणि मग नभोवाणी आली.

नभोवाणीविषयीं त्या वेळच्या संगीतव्यवसायाचें मत काय होतें, हें आज वाचलें तर नवल वाटेल. घरीं फुकट गाणें ऐकूं आल्यावर तिकीट काढून कोण येईल, ही जलसेवाल्यांची भीति. क्वीन्स हॉल ज्या चॅपेल कंपनीकडे होता, तिच्या चालकांनीं ध्वनिक्षेपणाला दीर्घकाळ कडवा विरोध केला. सर टॉमस बीचम यांच्यासारखे नामवंत संचालक या नव्या यंत्रावर उघड टीका करीत. जेवतां जेवतां, पत्ते खेळतां खेळतां बेथोव्हेन ऐकणारा मनुष्य संगीताचा रसिक होणार कीं त्याचा कान कायमचा बथ्थड होणार, हा आक्षेप तर पैशाच्या पलीकडचा होता, आणि तो निव्वळ खोटा नव्हता. ऐकणें सोपें झालें कीं लक्ष देणें अवघड होतें.

डेव्हिस यांनीं या आक्षेपाला लेख लिहून उत्तर दिलें नाहीं, शिकवून दिलें. त्यांच्या पाठांची रीत साधी होती. पियानोवर ते एक छोटी सुरावट वाजवीत. तिचा पहिला तुकडा प्रश्नासारखा कसा वाटतो व दुसरा उत्तरासारखा कसा येतो, हें दाखवीत. मग तीच सुरावट किंचित् मोडून वाजवीत, म्हणजे मूळची कोठें व कां चांगली होती तें कानालाच कळावें. शाळेच्या पाठांत गाणाऱ्या मुलांचा लहानसा गट जवळ असे. तीं मुलें गात आणि दूरच्या शाळांतील मुलांनीं त्यांच्यामागून गावें अशी अपेक्षा असे. याहून महत्त्वाचें म्हणजे ते मुलांना स्वतः चाली रचावयास सांगत व पोस्टानें मागवून घेत. आलेल्या चालींपैकीं निवडक चाली पुढें ते स्वतः वाजवून दाखवीत. जो विद्यार्थी दिसत नव्हता, तो अशा रीतीनें टपालाच्या पाकिटांतून वर्गांत येऊन बसे. एकतर्फी यंत्राला त्यांनीं दुतर्फी केलें, तें एवढ्याशा युक्तीनें.

१९२६ च्या आरंभापासून प्रौढांसाठीं त्यांची ‘म्यूझिक अँड दि ऑर्डिनरी लिसनर’ म्हणजे ‘संगीत आणि सामान्य श्रोता’ ही मालिका सुरू झाली. त्याच वर्षीं त्यांनीं अॅबरिस्टविथचें अध्यापकपद सोडलें. वर्षअखेरीस ब्रिटनमध्यें रेडिओच्या परवान्यांची संख्या वीस लाखांवर गेली होती. मालिकेच्या नांवांतच तिचें तत्त्व आहे. ‘सामान्य’ हा शब्द डेव्हिस यांच्या तोंडीं हिणवण्याचा नव्हता. त्यांचें बोलणें लिहिलेलें वाचून दाखविल्यासारखें नसे. शेजारच्या घरीं चहाला आलेला मनुष्य पियानोपाशीं जाऊन बसावा व बोलतां बोलतां वाजवूं लागावा, तसें तें वाटे. आरशांतल्या गायकांना सांभाळून घेणारा तो जुना ऑर्गनवादकच आतां मायक्रोफोनसमोर होता. फक्त आरसा काढून घेण्यांत आला होता. १९२७ सालीं कंपनीचें रूपांतर सार्वजनिक महामंडळांत झालें, आणि त्याच वर्षीं क्वीन्स हॉलमधील सुप्रसिद्ध उन्हाळी जलसे चालविण्याची जबाबदारी या महामंडळानें उचलली. ज्या नभोवाणीमुळें जलसे बुडतील म्हणून ओरड झाली, तिनेंच ते तगविले.

१९२७ हें साल आपल्यालाहि विसरतां येण्यासारखें नाहीं. त्या वर्षीं २३ जुलै रोजीं इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचें मुंबई केंद्र सुरू झालें. ती कंपनी १९३० सालीं बुडाली व काम सरकारकडे आलें. पण नभोवाणीवरून गाणें द्यावयाचें कीं गाणें समजावूनहि द्यावयाचें, हा प्रश्न त्यानंतर मुंबईलाहि टळला नाहीं. पंडित विष्णु दिगंबर पलुसकर यांनीं १९०१ सालीं लाहोर येथें गांधर्व महाविद्यालय काढून गाणें घराण्यांच्या उंबरठ्याबाहेर आणलें, तेव्हां त्यांनाहि कमीअधिक अशाच शंकांना तोंड द्यावें लागलें. देश निराळे, संगीत निराळें. अडचण मात्र एकच.

डेव्हिस यांना मान कमी मिळाला नाहीं. १९२७ ते १९३२ ते विंडसरच्या त्याच चॅपेलमध्यें ऑर्गनवादक व संगीत-संचालक होते, जेथें ते तेराव्या वर्षीं बालगायक म्हणून आले होते. १९३४ सालीं एल्गार निवर्तल्यावर ‘मास्टर ऑफ दि किंग्ज म्यूझिक’ हें राजसंगीतज्ञाचें पद त्यांना मिळालें. त्यांचे गुरु पॅरट यांनीं तेंच पद पूर्वीं भूषविलें होतें. पण या सर्वांची किंमतहि त्यांना मोजावी लागली. ‘एव्हरीमॅन’च्या तोडीची मोठी रचना पुन्हां त्यांच्या हातून लोकमान्य झाली नाहीं. ज्या वयांत रचनाकाराचा हात पिकतो, तें वय त्यांनीं आगगाडींत, शाळांत आणि मायक्रोफोनसमोर घालविलें. त्यांच्या बोलण्यांत धर्मोपदेशकाचा सूर येतो, ते गोष्टी फार सोप्या करून सांगतात, असें जाणकार म्हणत; आणि एल्गारच्या जागीं त्यांना बसवावें काय, हा प्रश्नहि कांहींना पडला असल्यास नवल नाहीं. मोठा संगीतकार होण्याचें सोडून मोठा श्रोतृवर्ग तयार करणें, ही निवड त्यांनीं केली. तींत त्यांचें काय गेलें हें त्यांना कळत नव्हतें, असें मानण्याचें कारण नाहीं.

दुसरें महायुद्ध पेटलें तेव्हां नभोवाणीचीं कांहीं खातीं ब्रिस्टलकडे हलविण्यांत आलीं. डेव्हिसहि त्या बाजूस जाऊन राहिले, आणि ब्रिस्टलजवळील रिंग्टन येथें ११ मार्च १९४१ रोजीं त्यांचें निधन झालें. त्यानंतर दोन महिन्यांनीं, १० मेच्या रात्रीं, लंडनवर भयंकर बाँबवर्षाव झाला. टेंपल चर्चचें छप्पर जळालें. न्यायाधीशाच्या निकालानें राहिलेला, पिढ्यानपिढ्या दुरुस्त होत आलेला, आणि ज्यावर डेव्हिस यांनीं पंचवीस वर्षें हात ठेविला तो ऑर्गन त्या आगींत नष्ट झाला. चर्च पुढें पुन्हां बांधण्यांत आलें व १९५४ सालीं तेथें दुसरा ऑर्गन वाजूं लागला.

वाद्य जळालें, पण शिकविलेलें राहिलें. त्यांनीं घडविलेला टेंपलचा गायकवृंद त्यांचे उत्तराधिकारी थॅल्बेन-बॉल यांनीं पुढें चालविला. त्यांतील अर्नेस्ट लफ या मुलानें १९२७ सालीं गायिलेली मेंडेल्सनच्या भजनाची तबकडी जगभर गेली व लाखोंनीं खपली. दरवर्षीं नोव्हेंबरमध्यें लंडनच्या सेनोटाफ स्मारकापाशीं युद्धांत पडलेल्यांचें स्मरण होतें, तेव्हां ‘सॉलेम मेलडी’ वाजते. तेथें उभ्या असलेल्या कित्येकांना ती कोणाची हें ठाऊकहि नसेल. वेल्सच्या खाणवाल्यांसाठीं आणि न दिसणाऱ्या वर्गासाठीं ज्यानें आपला वेळ दिला, त्याला यांत वाईट वाटलें नसतें. रचनाकाराचें नांव विसरून सुरावट लक्षांत राहणें, हाच सामान्य श्रोत्याचा संगीतावरील खरा हक्क. आणि तो हक्क त्याला मिळवून देण्यांतच सर वॉलफर्ड डेव्हिस यांचें आयुष्य खर्चीं पडलें.